आधी खांब बघा

आमच्या वन्संसमोर कुठलीही गोष्ट हलली, सरकली किंवा खचली असं म्हणायची सोय नव्हती. त्या चष्मा डोक्यावर सारायच्या आणि विचारायच्या, "बरं. आणि काय हललं नाही? आधी खांब बघा." खांब म्हणजे जागचं न हलणारं काहीही. लग्न होऊन मी माधव नगरच्या या घरात आले, त्याच वर्षी एका दुपारी हॉलमधला पंखा फिरायचं सोडून झोके घ्यायला लागला. भूकंप, भूकंप, असं ओरडत आमचे हे, सासूबाई आणि मी थेट जिन्यात. सासूबाईंच्या हातात देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, माझ्या हातात लाटणं. वन्सं आपल्या जागेवर. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, टेबलावरच्या ग्लासातल्या पाण्याकडे बघितलं आणि आतूनच ह्यांना हाक मारली, "विनू, पाणी हललं नाहीये. पंख्याचा हुक सैल झालाय. इलेक्ट्रिशियनला बोलाव, आणि वहिनींच्या हातातलं लाटणं घे पहिले!" तोपर्यंत सगळी बिल्डिंग जिन्यात जमली होती. नव्या नवरीची अशी शोभा क्वचितच कुणाची झाली असेल.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही. कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या, पण कायम नव्हत्या. आमच्या मध्य प्रदेशात अशांना अतिथि विद्वान म्हणतात. नाव ऐकून वाटतं, रोज हारतुरे घालत असतील. प्रत्यक्षात बदली होऊन कायमचा माणूस आला, की पाहुण्यानं मुकाट्यानं पिशवी उचलायची. "इतकी वर्षं पाहुणी म्हणून कुणी राहतं का हो?" मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "घरचं व्हायचं तर पीएचडी लागते वहिनी. ती होऊ द्या, मग बघा, उठा म्हणायची कुणाची हिंमत होते." तेवढी एकच गोष्ट त्यांना आयुष्याकडून हवी होती. साडी नको, दागिना नको, काशी-रामेश्वर नको. पीएचडी, आणि तिच्या जोरावर एक कायमची खुर्ची.

मी जळगावची. शिवणकाम करते. जेवायच्या टेबलाची एक बाजू माझ्या कापडांची, दुसरी वन्संच्या लॅपटॉपची, आणि जेवण खाली जमिनीवर. माझी कात्री चालायची, त्यांची बोटं चालायची. मधूनच त्या म्हणायच्या, "वहिनी, चहा?" याचा अर्थ त्या करणार असा नसायचा. टॉवर चौकातून कचोरी मात्र न सांगता आणायच्या, आणि वरून जिरावणाचा मसाला भुरभुरताना निम्मं माझ्या कापडावर सांडायच्या. मी तोंड सोडायची. त्या म्हणायच्या, "गुलाबी ब्लाउज आहे ना? मग मॅचिंग झालं."

उज्जैनमध्ये आकाशाचा अभ्यास करते असं सांगणं म्हणजे मोठी पंचाईत. दुधवाला, पेपरवाला, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळे पत्रिका घेऊन हजर. एकदा तर भाजीवालीनं मेथीची जुडी तशीच हातात धरून मुलीच्या लग्नाचं विचारलं, "मैडम जी, म्हारी छोरी को ब्याव कद होगा?" वन्संनी तिला हसून उत्तर दिलं, "अम्मा, मैं जिनका देखती हूँ ना, उनका तो सब कब का हो चुका." भाजीवाली बिचारी माझ्याकडे बघायला लागली. मी तरी काय सांगणार? त्या नेमकं काय बघतात हे मलाही तेव्हा धड कळलं नव्हतं.

कळलं ते मिरच्यांमुळे. मी तव्यावर मिरच्या भाजत होते, ठसक्यानं सगळं घर खोकत होतं, आणि वन्सं दारात उभ्या राहून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. खिडकीतून आलेलं ऊन भिंतीवर पडलं होतं. "वहिनी, धूर दिसतोय?" मी म्हटलं, "दिसायचं काय घेऊन बसलात, नाकात जातोय!" "इथं बघा, भिंतीवर. उन्हात त्याची सावली हलतीये. ऊन तिकडून येतंय, धूर मधे आहे, आपण भिंतीशी. धुराला हात न लावता धूर कळतो की नाही? बस, माझं काम हेच."

मग नाक पुसत पुसत त्यांनी सगळं सांगितलं. फार फार लांबच्या एका आकाशगंगेच्या पोटात एक महाकाय कृष्णविवर आहे. ते आजूबाजूचं सगळं ओढून घेतं, आणि आत पडायच्या आधी ते सगळं इतकं तापतं, की त्या आकाशगंगेतल्या सगळ्या ताऱ्यांपेक्षा जास्त उजेड पडतो. असल्या दिव्याला क्वेझार म्हणतात. पण सगळंच काही आत जात नाही. थोडं वाऱ्यासारखं बाहेर भिरकावलं जातं, आणि तो वारा त्या दिव्याच्या आणि आपल्या मधे येतो. दिव्याचा उजेड इंद्रधनुष्यासारखा फाकवला, की त्यात मधेच एक काळी फट दिसते. तेवढा रंग वाऱ्यानं खाल्लेला. वारा जितक्या जोरानं आपल्याकडे येतो, तितकी ती फट निळ्या बाजूला सरकते. "एवढा मोठा राक्षस," वन्सं म्हणाल्या, "आणि त्याच्या फुंकरीचा वेग मी या टेबलावर बसून मोजते. सांगा, पत्रिका काय बघायच्या?" त्यांचे डोळे भरून आले होते. मिरच्यांमुळे असतील.

वन्संच्या दिव्याला नाव नव्हतं, नुसता लांबलचक नंबर होता. आम्ही त्याला दिवाच म्हणायचो. त्याच्यावर त्यांचा अख्खा प्रबंध उभा होता. कधीकाळी परदेशातल्या एका दुर्बिणीनं त्याचा वर्णपट काढून सगळ्या जगाला खुला केला होता. पुढे काही वर्षांनी वन्संनी आपल्याकडच्या पहाडावरच्या दुर्बिणीवर वेळ मागून दुसरा काढला. दोन्ही शेजारी ठेवले, तर फट निळ्याकडे सरकलेली! म्हणजे वाऱ्याचा जोर वाढला होता, आणि तो वाढताना वन्संनी पकडला होता. शोधनिबंध छापून आला. आमच्या ह्यांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. मराठी समाजाच्या हॉलमध्ये शाल-श्रीफळ झालं. अध्यक्षांनी भाषणात "कृष्णविवराची वाऱ्यावरची वरात" असं काहीतरी म्हटलं, आणि वन्सं पहिल्यांदाच चारचौघांत लाजल्या. प्रबंध दाखल झाला, तोंडी परीक्षेची तारीख लागली. कायमच्या जागांच्या मुलाखतीही तोंडावर आल्या. सगळं कसं मापात बसलं होतं.

आणि एका दुपारी वन्सं अवेळी घरी आल्या. हाताला खडू तसाच. येऊन बसल्या त्या नेमक्या मी कापून ठेवलेल्या कापडांवर. मी ओरडणार होते, पण त्यांचा चेहरा बघून हातातली कात्री खाली ठेवली. म्हणाल्या, "वहिनी, मी फळ्यावर सोडियमच्या पिवळ्या उजेडाचा आकडा लिहिला. दरवर्षी लिहिते. आणि दरवर्षी त्याच्यापुढे लिहिते, 'हवेत'. आज लिहिलं, आणि हात तिथेच थांबला."

मला काही उमजेना. मग त्यांनीच सावकाश सांगितलं. उजेडाची लाट हवेत शिरली की किंचित आखडते. अगदी किंचित. परदेशातली दुर्बीण आपले आकडे देते ते हवा नसलेल्या पोकळीतले. वन्संनी स्वतः मोजलेले आकडे हवेतले. दोन्ही बरोबर, पण एका मापाचे नव्हेत. आणि या दोन मापांत जेवढा फरक पडतो, जवळपास तेवढीच त्यांची फट सरकली होती.

"म्हणजे," मी म्हटलं, "एक माप कोऱ्या अस्तरावर घेतलं, आणि दुसरं भिजवून आटलेल्या अस्तरावर?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं. हसायला गेल्या आणि हुंदका आला. "हो वहिनी. मी एवढ्या लांबचा वारा मोजायला गेले, आणि मोजली ती इथली हवा. या खोलीतली."

पण अजून एक आशा होती. तेव्हाचं काम ज्या कॉम्प्युटरवर झालं तो कधीच भंगारात गेला होता. मधल्या एखाद्या प्रोग्रामनं तो फरक आपोआप दुरुस्त केलाही असेल. आता कळायला मार्ग नव्हता. मार्ग एकच, आणि तो त्यांच्याच तोंडचा: जे हलायला नको ते हललंय का बघायचं. दिव्याच्या आणि आपल्या मधे आणखी एक ढग होता. तो दुसऱ्याच एका आकाशगंगेतला, वाऱ्याशी त्याचं काही घेणंदेणं नाही. त्याचीही एक बारीक काळी रेघ वर्णपटात पडते, आणि ती जागची हलायला नको. तो त्यांचा खांब. पण वन्संच्या वर्णपटात ती रेघ अगदी कडेला, फिकट भागात येत होती, आणि तो भाग तेव्हा कामाचा नाही म्हणून कापून टाकला होता. "जन्मभर सगळ्यांना सांगत आले, आधी खांब बघा," त्या म्हणाल्या, "आणि माझाच खांब मी कापून टाकला." न कापलेली पूर्ण फाइल पहाडावरच्या दुर्बिणीच्या साठ्यात होती. त्यांनी ती मागवली. तिथला माणूस रजेवर होता.

ते वाट बघण्याचे दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. वन्सं जेवेनात. इंदूरहून त्यांच्या गाइडचा फोन यायचा, तो मलाही ऐकू जायचा. "मैडम, वाइवा तक चुप रहिए. किसी को पता नहीं चलेगा." आमचे हे म्हणाले, "ताई, शांत बस. महिन्याचा तर प्रश्न आहे." मीही तेच म्हटलं, आणि चांगलं खडसावून म्हटलं. "चोरी केलीत का? नाही. कुणाला फसवलंत का? नाही. मग आधी ती पदवी पदरात पाडून घ्या, त्या खुर्चीत बसा, आणि मग सांगा जगाला काय सांगायचं ते!" वन्सं म्हणाल्या, "वहिनी, ज्या दिवसापासून मला कळलं, त्या दिवसापासून गप्प बसणं म्हणजे फसवणंच." असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मी कपाळावर हात मारला आणि मशीनवर जाऊन बसले.

आणि मग वन्संनी माझ्याकडे जे मागितलं, ते माझ्या स्वप्नातही आलं नसतं. उज्जैनमध्ये जन्म काढून जी बाई महाकालला कधी स्वतःसाठी हात जोडायला गेली नाही, ती स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, तुमचं ऐकतो ना तो? नवस बोलाल माझ्यासाठी?" मी वळून बघितलं. "काय बोलू?" "खांब हलू देऊ नको म्हणावं." आणि लगेच स्वतःशीच म्हणाल्या, "काही उपयोग नाही. तो उजेड पृथ्वी जन्मायच्या आधीच निघालाय. तिकडचं सगळं कधीच होऊन गेलंय, आणि इकडची फाइल लिहून झालीये. आता देव तरी काय बदलणार? पण बोला तरी." मी बोलले. गर्दीत धक्के खात, समोर क्षणभर दर्शन झालं तेवढ्यात, डोळे मिटून म्हटलं, देवा, मला यातलं काही कळत नाही, पण तो ढग जिथल्या तिथं राहू दे.

फाइल आली ती रविवारी, जेवणं झाल्यावर. मी बटणं लावत होते. वन्संनी दोन्ही वर्णपट एकावर एक ठेवले. मग ओढणीच्या टोकानं लॅपटॉपचा पडदा पुसला, डाग पडला असावा तसा. पुन्हा बघितलं. "काय झालं?" मी विचारलं. वन्संनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एक बारीक रेघ इथं, आणि तीच रेघ तिथं, जराशी डावीकडे. "खांबही हललाय वहिनी," त्या म्हणाल्या. "वाऱ्याइतकाच." त्यांचा आवाज इतका साधा होता की मलाच रडू फुटलं.

त्या लगेच नियतकालिकाला पत्र लिहायला बसल्या, निबंध मागे घेते म्हणून. मी उठले आणि राउटरची पिन भिंतीतून उपसून काढली. काढली! आजही काढीन. डोळ्यांदेखत माणूस विहिरीत उडी टाकतंय, तर पदर तरी धरायला नको? वन्संनी माझ्याकडे बघितलं, रागावल्या नाहीत. खिशातून मोबाइल काढला, त्याच्यावरून पत्र पाठवलं आणि म्हणाल्या, "वहिनी, पिन लावून द्या. आईची मालिका लागायची वेळ झाली."

पुढचं सगळं उतारावरच्या गाडीसारखं झालं. परीक्षा रद्द. गाइडनी फोन उचलणं बंद केलं. मुलाखतीत पीएचडीच्या रकान्यापुढे काही नाही, म्हणून नाव मागे. आणि थोड्याच दिवसांत कॉलेजात बदलीवर कायमचे प्राध्यापक रुजू झाले, म्हणजे पाहुणी उठली. विद्यार्थिनींनी गुलाबाचं रोप दिलं, ते वन्संनी सबंध रस्ता मांडीवर धरून रिक्षातून आणलं.

तरी त्या लढल्या हो! दिवसभर टेबलाशी बसून दुसऱ्या दिव्यांचे वर्णपट धुंडाळायच्या, कुठं तरी एखादा वारा खरोखर जोर धरताना दिसतोय का म्हणून. प्रत्येक वेळी आधी खांब बघायच्या. प्रत्येक वेळी खांब जागेवर, आणि वाराही जागेवर. शेवटी त्यांनी आपल्याच दिव्यावर नवा निबंध लिहिला, की वारा आहे, आणि पहिल्या वेगानंच वाहतोय. तो साभार परत आला. यात नवीन काय, असं विचारलं होतं. वन्सं त्या उत्तराकडे बघत म्हणाल्या, "खरं आहे, नवीन काही नाही." आणि एक दिवस लॅपटॉप सत्काराच्या त्या शालीत गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वरच्या मजल्यावरच्या काकूंनी वाण हातात घेता घेता मला विचारलंच, "ते तुमच्या नणंदेचं भोकातलं वारं खोटं निघालं म्हणे?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "काकू, वारा खरा आहे. काल होता तेवढाच आज आहे. चुकली ती आपली हवा, आणि ती चूक आमच्या वन्संनी स्वतः शोधून स्वतः सांगितली. तुमच्या माहितीत आहे का असं कुणी?" आत वन्सं तिळगूळ भरत होत्या. बाहेर आल्या आणि काकूंच्या हातावर दोन वड्या जास्त ठेवल्या.

मग दूर पहाडातल्या एका निवासी शाळेत त्यांना नोकरी लागली. आठवी ते दहावी, विज्ञान. "तिथं आकाश स्वच्छ असेल," मी म्हटलं. "असेल," त्या म्हणाल्या. आता फोन येतो तेव्हा सगळ्यांची तब्येत विचारतात, भाज्यांचे भाव विचारतात. दिव्याचं नाव काढत नाहीत, आणि मी काढलं तर म्हणतात, "वहिनी, इथं रेंज जाते हो."

त्या गेल्या तो दिवस. नानाखेड्याच्या बस स्टँडवरून इंदूरची बस, आणि तिथून पुढे रेल्वे. आमचे हे पाण्याची बाटली आणायला खाली उतरले होते. मी सामान वर टाकलं आणि वन्संशेजारी बसून राहिले. खिडकीला लागून दुसरी एक बस उभी होती, इतकी जवळ की तिच्यातल्या माणसाच्या हातातली भेळ दिसत होती. "नवे ब्लाउज पाठवीन," मी म्हटलं. "मापं तीच ना?" "तीच." "धुतल्यावर आटतं कापड. सैल शिवीन." "शिवा." मनात एकच, की कंडक्टर कुठंतरी चहा पीत बसू दे, ड्रायव्हरला कुणीतरी जुना दोस्त भेटू दे, काहीही होऊ दे, पण ही बस एवढ्यात सुटू नये.

तेवढ्यात शेजारची बस मागे सरकायला लागली. मला हायसं वाटलं. "ती सुटली बाई," मी म्हटलं. "आपल्याला वेळ आहे अजून."

वन्सं माझ्या खांद्यावरून पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "खांब बघा."

मी वळून बघितलं. फलाटाचा खांब, ज्याच्याशी मघाशी आम्ही सामान टेकवून ठेवलं होतं, तोही मागे मागे जात होता.

"आपलीच निघालीये," वन्सं म्हणाल्या. "उतरा आता."

मी कंडक्टरच्या नावानं ओरडत, पदर सावरत, कशीबशी उतरले. मागे धावत आलेल्या ह्यांच्या हातातली बाटली तशीच राहिली. मी चालत मागे त्या खांबापाशी गेले आणि त्याला धरून उभी राहिले. इकडच्या बाजूच्या खिडकीतून वन्संचं डोकं बाहेर आलं होतं. बस कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या इकडेच बघत होत्या, आणि मी जागची हलले नाही.